ट्रेलर ओढायला पिकअप घ्यायची: डिझेल की पेट्रोल? सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्राक्षबागेची फवारणीची टाकी, मंडपवाल्यांचा जनरेटर, ब्रेकरचा कॉम्प्रेसर, पाण्याची छोटी टाकी, नाहीतर रस्त्यात बंद पडलेली दुसरी गाडी. सातारा-सांगली भागात पिकअपच्या मागे साधारण एवढंच जुंपलं जातं. ऊस आणि मोठे टँकर हे ट्रॅक्टरचं काम. तो विषय इथे घेतलेला नाही. उत्तरं बीएस-६, म्हणजे सध्याच्या प्रदूषण निकषांच्या गाड्या धरून दिली आहेत. जिथे रुपयांचा हिशेब आहे तिथे तुमच्या पंपाचा आणि शोरूमचा दर घालून तो पुन्हा मांडा.

एका वाक्यात सांगा ना, कुठली घेऊ?

भरलेली गाडी घेऊन घाट चढायचा असेल, किंवा मागे ५०० किलोच्या वरचा ट्रेलर आठवड्यातून दोन-तीनदा लागणार असेल, तर डिझेल. सांगली-मिरज-कुपवाड किंवा कराड-मलकापूर अशा सपाटीवर, दिवसाला ४०-५० किमी, तेही निम्म्या वेळा रिकामं फिरणं असेल, तर पेट्रोल किंवा सीएनजी. शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी एकच गोष्ट मोजा: महिन्यातले किती फेरे भरलेल्या गाडीनं घाटातून जातात? बाकी सगळे प्रश्न त्यानंतरचे.

ओढण्यासाठी पेट्रोल पिकअप मिळते तरी कुठली?

खरी अडचण इथेच आहे. आपल्याकडे पेट्रोल इंजिन फक्त छोट्या गटात मिळतं. मारुती सुपर कॅरी, टाटा एसचं पेट्रोल मॉडेल, पेट्रोल-सीएनजी दोन्हीवर चालणारी इंट्रा व्ही-२० ही त्यातली नावं. सुपर कॅरीची पेट्रोलवरची भारक्षमता ७४० किलो आणि सीएनजीवाल्या गाडीची ६२५ किलो, कारण सिलिंडरचं वजन भारातूनच वजा होतं. दीड टनाला पोचलात की बोलेरो पिकअप, योद्धा, इंट्रा व्ही-५० अशा डिझेलच समोर येतात. त्यातल्या काहींना सीएनजीचा पर्याय आहे, पण निव्वळ पेट्रोल नाही. त्यामुळे ‘डिझेल की पेट्रोल’ हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक वेळा ‘मोठी डिझेल की छोटी पेट्रोल-सीएनजी’ असाच असतो. छोटी गाडी घेऊन तिच्या मागे मोठं काम लावायचं, हा त्यातला सगळ्यात महागडा मार्ग.

यूट्यूबवर अमेरिकेतले लोक पेट्रोल पिकअपनं केवढाले ट्रेलर ओढतात. मग इथे का जमत नाही?

त्यांचं पेट्रोल इंजिन आणि आपलं पेट्रोल इंजिन यांत काहीच साम्य नाही. फोर्डच्या सुपर ड्यूटी पिकअपमध्ये ७.३ लिटरचं आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन येतं, आणि त्याच गाडीत ६.७ लिटरचं डिझेलही मिळतं. तिथला वाद त्या दोन राक्षसांमधला आहे. आपल्याकडच्या छोट्या पिकअपचं पेट्रोल इंजिन फार तर १.२ लिटरचं. तिथल्या व्हिडिओतला ‘पेट्रोल पुरतं’ हा सल्ला वाईच्या घाटात लावू नका. शिवाय तिथं पेट्रोल डिझेलपेक्षा बहुधा स्वस्त असतं. आपल्याकडे उलटं आहे, म्हणून त्यांचा पैशांचा हिशेबही इथे चालत नाही.

डिझेल जास्त ओढते म्हणजे नेमकं काय होतं?

ओढायला लागतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर (न्यूटन-मीटर, एनएममध्ये), आणि तो किती आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांवर, मिळतो हे महत्त्वाचं. सुपर कॅरीच्या पेट्रोल इंजिनाला सुमारे १०४ एनएम टॉर्क २९०० आरपीएमला मिळतो. इंट्रा व्ही-३० च्या दीड लिटर डिझेलला १४० एनएम, तोही १८०० ते ३००० आरपीएमच्या पट्ट्यात. बोलेरो पिकअपच्या अडीच लिटर डिझेलला २०० एनएमच्या आसपास, साधारण १४०० पासून पुढे.

आता ताकद काढू. २०० एनएम गुणिले १५०० आरपीएम भागिले ९५५० म्हणजे सुमारे ३१ किलोवॉट, अर्थात ४२ हॉर्सपॉवर. तेवढीच ताकद १०४ एनएमच्या पेट्रोल इंजिनातून काढायची तर ते २९०० आरपीएमवर पळवावं लागतं. म्हणजे काम दोन्ही इंजिनं करतात. फरक इतकाच की डिझेल ते आरामात करतं आणि पेट्रोल ओरडत करतं. पाच मिनिटांचा चढ असेल तर ओरडण्यानं बिघडत काही नाही. पण वीस मिनिटांच्या घाटात, पुढे एसटी किंवा उसाचा ट्रक असताना, वेग तुटला की पेट्रोल गाडी आरपीएम गमावते, दुसरा गिअरही कमी पडतो आणि चालक अर्ध्या क्लचवर येतो. क्लच प्लेट तिथेच जळते.

डिझेलमध्ये हवा जास्त दाबली जाते: १६-१७ पटीनं, तर पेट्रोलमध्ये १०-११ पटीनं. शिवाय टर्बो (हवा जोरानं आत ढकलणारा पंखा) असतो, आणि लिटरमागे ऊर्जाही पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त. मायलेजमधला फरक या तिन्हींतून येतो.

घाट चढायला किती ताकद लागते, ते आकड्यात सांगता येईल?

येईल. भरलेली गाडी ३ टन, चढ शंभर मीटरला ८ मीटर, वेग ताशी ३० किमी. वर खेचायला सुमारे २३५० न्यूटन आणि टायरच्या घर्षणाला ४४० च्या आसपास. चाकाला लागणारी ताकद २३ किलोवॉट, म्हणजे ३१ हॉर्सपॉवर. गिअरबॉक्स आणि हाउसिंगमध्ये (मागच्या अॅक्सलच्या गिअरमध्ये) दहाएक टक्के जातात, म्हणून इंजिनातून ३५ धरा. मागे एक टनाचा ट्रेलर जोडला की हाच आकडा ४६ च्या घरात जातो.

कागदावर ७०-८० हॉर्सपॉवर लिहिलेली कोणतीही गाडी हे करू शकते असं वाटेल. पण तो कागदावरचा आकडा डिझेलला साडेतीन-चार हजार आरपीएमला आणि छोट्या पेट्रोलला ६००० ला मिळतो. घाटात कुणी तिथे इंजिन फिरवत नाही. म्हणून माहितीपत्रकात हॉर्सपॉवरचा रकाना नंतर बघा, आधी टॉर्कचा पट्टा बघा.

महाबळेश्वर-पाचगणीच्या उंचीचा फरक पडतो का?

टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. पाचगणी १२९० मीटरच्या आसपास, म्हणजे तिथे बारा-तेरा टक्के ताकद आधीच गेलेली. टर्बो डिझेलमध्ये ही घट जाणवण्याइतकी नसते. स्ट्रॉबेरीचे क्रेट वरून खाली आणणाऱ्याला याचं काही नाही. खालून सिमेंट, पाणी, जनरेटर वर नेणाऱ्याला आहे.

पैशाच्या हिशेबात डिझेल कधी परवडते?

हिशेबाची पद्धत दाखवतो. आकडे समजुतीपुरते आहेत. समजा सारख्या भाराच्या दोन गाड्यांत डिझेल १,२०,००० रुपयांनी महाग. भरलेल्या गाडीचं मायलेज डिझेलला १३ आणि पेट्रोलला ११. डिझेल ९१ रुपये लिटर, पेट्रोल १०४.५०.

डिझेलचा किमीमागे खर्च ७ रुपये, पेट्रोलचा ९.५०. फरक अडीच रुपयांचा. डिझेलची देखभाल, म्हणजे फिल्टर, जास्तीचं ऑइल, डीईएफ (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण), पुढेमागे इंजेक्टर, यासाठी किमीमागे ४० पैसे काढून ठेवा. उरले २.१०. म्हणजे १,२०,००० रुपये सुमारे ५७,००० किमीला फिटतात. रोज शंभर किमी, वर्षाला ३०० दिवस चालवणाऱ्याला दोन वर्षंही लागत नाहीत. वर्षाला १०,००० किमी चालवणाऱ्याला जवळजवळ सहा वर्षं लागतात, आणि तोवर वाढीव कर्जाचं व्याज चालूच असतं.

तुमचा आकडा काढताना रिकाम्या गाडीचं मायलेज घालू नका. ट्रेलर जोडल्यावर दोन्ही इंधनांचं मायलेज पडतं, पण छोट्या पेट्रोलचं जास्त पडतं. टाकी फुल करून, भरलेल्या गाडीनं नेहमीचा फेरा मारून, पुन्हा त्याच पंपावर फुल करा. मिळेल तेच तुमचं मायलेज. शोरूमचा आकडा जाहिरातीपुरता.

सीएनजी घेतली तर?

सपाटीवर आणि शहरात आज सगळ्यात स्वस्त पडते ती सीएनजीच. ओढण्याच्या दृष्टीनं तीन अडचणी. एक, त्याच इंजिनाची ताकद सीएनजीवर दहाएक टक्के कमी. दोन, सिलिंडरमुळे भार कमी. तीन, पंप. महामार्गावर आणि मोठ्या शहरांत अडत नाही. जत, आटपाडी, पाटणच्या आतल्या भागात जाणार असाल तर निघण्याआधी पंप कुठे आहे आणि दाब किती मिळतो ते विचारून ठेवा. दाब कमी असला की सिलिंडर पूर्ण भरत नाही आणि परतीचा फेरा पेट्रोलवर पडतो. काही गाड्यांना पेट्रोलची टाकी पाच लिटरचीच असते.

घाटाच्या पायथ्याशी स्विच पेट्रोलवर टाकणं हा जुना आणि बरोबर उपाय. सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते; प्लेटवरची तारीख बघून घ्या. गॅस कोरडा जळतो, त्यामुळे सतत भार ओढणाऱ्या गाडीत व्हॉल्व्ह सीट झिजतात. थंड असताना इंजिनाचा एक सिलिंडर नीट जळत नाही, इंजिन फडफडतंय आणि गरम झाल्यावर ठीक होतंय असं दिसलं की टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासा, प्लग बदलत बसू नका.

अलीकडे टर्बो बसवलेल्या सीएनजी पिकअप आल्या आहेत. त्यांचा टॉर्क डिझेलच्या जवळ जातो. घाट अधूनमधून आणि सपाटी रोज, असं काम असेल तर त्या चालवून बघण्यासारख्या आहेत. मात्र चाचणीला रिकामी गाडी नेऊ नका, पोती भरून न्या.

ई-२० पेट्रोलमुळे ओढायला त्रास होतो का?

ताकदीत फारसा नाही, मायलेजमध्ये थोडा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते, म्हणून वीस टक्के मिश्रणात काही टक्के मायलेज जातंच. आपल्याच कारखान्यांच्या उसापासून ते बनतं म्हणून त्याचं कौतुक करायला हरकत नाही, पण ते पाणी ओढतं. हंगाम संपल्यावर दोन-तीन महिने उभी राहणारी पेट्रोल पिकअप टाकी अर्धी ठेवून उभी करू नका. नवीन गाड्या ई-२० ला जुळणाऱ्या आहेत. जुन्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप मात्र तपासून घ्या.

बीएस-६ डिझेलला डीपीएफचा त्रास होतो म्हणतात. खरं आहे?

चुकीच्या कामाला लावली तर खरं आहे. डीपीएफ ही सायलेन्सरच्या वाटेवरची काजळी अडवणारी जाळी. जाळी भरली की गाडी स्वतःच जास्त डिझेल जाळून ती ५५०-६०० अंशांवर तापवते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग चाल हवी. मार्केट यार्डात दिवसभर पाचशे मीटर पुढे, थांब, बंद, पुन्हा चालू असं काम असेल तर हे जाळणं अर्धवट राहतं, दिवा लागतो, गाडी दम टाकते. जळत असताना वारंवार बंद केली की न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची काडी वरच्या खुणेच्या वर दिसली, तर खुश होऊ नका. ते ऑइल वाढलेलं नाही, पातळ झालेलं आहे.

दिवा लागला की महामार्गावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमच्या वर वीस मिनिटं चालवा. गंमत म्हणजे घाटात ट्रेलर ओढणाऱ्या डिझेलला हा त्रास सगळ्यात कमी होतो. डीपीएफ काढून टाकून पाइप टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तसं केलं की गाडी पीयूसी आणि फिटनेसला अडकते, वॉरंटीही जाते.

डीईएफ लागणाऱ्या गाडीत ते संपत आलं की इंजिनाची ताकद कमी केली जाते. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं द्रावण. शेतातला युरिया पाण्यात कालवून ते बनत नाही. तसं केलं की इंजेक्टरवर पांढरे खडे धरतात. आणि चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं तर चावी फिरवू नका. टाकी उतरवून धुवायची, त्यानंतरच स्टार्टर.

माझ्या गाडीनं किती वजन ओढायचं हे कुठं लिहिलेलं असतं?

आधी आरसी बघा. तिथे एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन असतं. दोन्हींचा फरक म्हणजे भार, आणि त्यात हमाल, दोर-ताडपत्री आणि ट्रेलरच्या हुकवर येणारं वजनही धरायचं. ट्रेलरचं वजन किती चालेल ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. आपल्याकडच्या बऱ्याच पिकअपच्या मॅन्युअलमध्ये तो आकडा दिलेलाच नसतो. दिलेला नसेल तर ‘जमेल की’ असा अर्थ काढू नका. शोरूमकडून लेखी विचारा. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र होते, त्याला स्वतःचा नंबर आणि विमा लागतो. ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. लायसन्सबाबत: ७५०० किलोपर्यंतच्या हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्याला त्या वजनापर्यंतची मालवाहू गाडी चालवायला वेगळा शेरा लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.

वजन अंदाजानं धरू नका. वजनकाट्यावर आधी रिकामी गाडी, मग भरलेली, मग फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन तोला. तीन पावत्या मिळाल्या की वाद संपतो.

हुक गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून बसवला तर चालेल का?

बंपरला वेल्डिंग करून बसवलेला हुक चालणार नाही. ओढ चासीच्या दोन लांब रुळांवर गेली पाहिजे. आडवी पट्टी रुळांच्या उभ्या बाजूला बोल्टनं धरायची. वरच्या-खालच्या आडव्या पाखाला भोक पाडायचं नाही, कारण तिथेच ताण सगळ्यात जास्त असतो आणि चीर तिथूनच सुरू होते. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. दुकानात ‘हाय टेन्साइल’ म्हणून कोरे बोल्ट दिले तर परत करा. नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले), आणि पहिल्या शंभर किमीनंतर पुन्हा आवळायचे.

काहीही वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची ऋण तार काढा. नाहीतर इंजिनाचा कंट्रोल युनिट जळतो, आणि तो खर्च हुकच्या कित्येक पट असतो.

पिन आणि कडीचा हुक असेल तर पिनच्या भोकाकडे लक्ष ठेवा. भोक गोल असायला हवं. मागेपुढे धक्के खाऊन ते अंडाकार झालं की गिअर बदलताना ‘खट्’ असा आवाज येतो आणि प्रत्येक आवाजाला ते आणखी वाढतं. पिनला आर-क्लिप लावा, खिळा वाकवून अडकवू नका. दोन साखळ्या हुकखाली एकमेकींना छेदून बांधा, म्हणजे कडी सुटली तरी ट्रेलरचं नाक साखळ्यांवर टेकतं, डांबरात रुतत नाही. ब्रेक लाइट आणि इंडिकेटर ट्रेलरवर दिसलेच पाहिजेत.

ट्रेलर मागे डुलतो, गाडी सापासारखी चालते. उपाय?

बहुतेक वेळा ट्रेलरच्या नाकावर वजन कमी असतं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के वजन हुकवर यायला हवं. ८०० किलोच्या ट्रेलरला ५५ ते ८० किलो. मोजायला धान्याचा काटा पुरतो: ट्रेलर सपाट जागी उभा करा, चाकांना दगड लावा, नाकाखाली हुकच्या उंचीला येईल असा लाकडाचा ठोकळा ठेवा आणि ठोकळ्याखाली काटा. कमी भरलं तर माल पुढे सरकवा.

जास्त भरलं तरी वाईट. हुक मागच्या चाकांच्या १.२ मीटर मागे आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३ मीटर असेल तर हुकवरचे १०० किलो मागच्या अॅक्सलला १४० होऊन बसतात आणि पुढून ४० किलो उचलतात. स्टिअरिंग हलकं लागायला लागतं, रात्री समोरचे शिव्या देतात कारण हेडलाइट वर गेलेले असतात. त्यावर पाटे वाढवून घेणं हा उपाय नाही. पाटे वाढले तरी अॅक्सल आणि ब्रेक तेच राहतात.

डुलायला लागलाच तर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग सरळ धरा आणि अॅक्सिलरेटर सोडा.

पाण्याची टाकी आणि जनावरं यांचं काय वेगळं?

दोन्ही वजनं हलतात. एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, टाकी आणि सांगाडा वेगळा. दोन हजार लिटरची टाकी ट्रेलरसकट अडीच टनांच्या घरात जाते. ती पिकअपच्या मागे लावूच नका, मग इंजिन कुठलंही असो. पाचशे लिटरची चालते. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी टाकी सुरक्षित, अर्धी टाकी सगळ्यात वाईट, कारण पाणी मागेपुढे आपटतं. टाकीत आडव्या जाळ्या नसतील तर वळणाआधीच वेग कमी करा.

शर्यतीचे बैल हौद्यात उभे असतात, वजन उंचावर असतं आणि वळणावर ते बाहेरच्या बाजूला झुकतात. अशा गाडीच्या मागे ट्रेलर जोडू नये.

उतारावर डिझेल गाडी जास्त धरते ना?

हा समज जवळजवळ सगळ्या चालकांचा आहे, आणि तो अर्धाच बरोबर आहे. पेट्रोल इंजिनात पाय सोडला की थ्रॉटल बंद होतो आणि इंजिन हवा ओढायला झगडतं, त्यानं गाडी धरली जाते. डिझेलमध्ये हवेची वाट तशी बंद होत नाही. दाबलेली हवा पिस्टनला बरीचशी ताकद परत देते. मोठ्या ट्रकला म्हणूनच वेगळा एक्झॉस्ट ब्रेक असतो. पिकअपला तो बहुधा नसतो. डिझेल पिकअप धरते ती इंजिन मोठं आणि पहिला-दुसरा गिअर ठेंगणा असल्यामुळे. म्हणजे धरतो तो गिअर. चौथ्यात ठेवून ‘डिझेल आहे, धरेल’ म्हणाल तर ती धरणार नाही.

पाचगणी ते वाई पसरणी घाटात साधारण पावणेसहाशे मीटरचा उतार आहे. तीन टनांची गाडी तेवढी खाली उतरताना सुमारे पावणेपाच युनिट वीज जाळल्याइतकी ऊर्जा मोकळी होते. टायर आणि वारा त्यातला काही भाग खातात. उरलेली तीनेक युनिटं वीस-पंचवीस मिनिटांत इंजिननं तरी धरायची किंवा ब्रेकच्या ड्रमनं तरी. ड्रमवर सोडलीत तर ते तापतात, लायनर गुळगुळीत होतात, ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. पाणी शोषलेल्या डॉट-३ चा उत्कलनबिंदू १४० अंशांपर्यंत उतरतो. म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचंच, डबी भरलेली दिसली तरी.

उतरण्याची पद्धत अशी: घाट सुरू होण्याआधी थांबून गिअर टाका, उतारावर गेल्यावर शोधू नका. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी हा घाट चढली असती तोच गिअर. आरपीएम वाढले की ब्रेक तीन-चार सेकंद ठामपणे दाबायचा, वेग दहानं उतरवायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे ड्रम थंड व्हायला वेळ मिळतो. पाय सतत टेकवून ठेवला की वास येतो.

न्यूट्रल करून, त्यातही चावी बंद करून उतरणारे अजूनही आहेत. इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) दोन-तीन दाबांत संपतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं. शिवाय त्यात इंधनही वाचत नाही: गिअरमध्ये पाय सोडून उतरताना आजची इंजिनं, डिझेल असो वा पेट्रोल, इंधन जवळजवळ बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतं.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर त्याचं सगळं वजन गाडीच्या ब्रेकवर येतं. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. तो आकडा इथेही पाळण्यासारखा आहे.

घाट चढून आल्यावर डिझेल लगेच बंद करू नये, हे अजूनही लागू आहे?

आहे. टर्बो लाल झालेला असतो आणि त्याच्या बेअरिंगला ऑइल इंजिनातूनच जातं. एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवून मग चावी फिरवा. चहाच्या गाडीवर थांबताना हे सहज होतं. घाईत असलेल्यांचेच टर्बो जातात.

गळिताच्या हंगामात दर आठवड्याला रेडिएटरही बघा. उसाच्या पाचटाचा भुसा आणि धूळ जाळीत नमद्यासारखी बसते. बाहेरून पुढची बाजू स्वच्छ दिसते. थर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मध्ये असतो. पाणी आतून बाहेर, म्हणजे पंख्याच्या बाजूनं, कमी दाबानं मारा. सर्व्हिसिंगच्या प्रेशर पंपाचा फवारा जवळून मारला तर पाती वाकतात.

बंद पडलेली गाडी ओढून न्यायची तर?

दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी २५ किमीच्या आत, मागच्या गाडीत लायसन्सवाला चालक, आणि मागे ‘ऑन टो’ची पाटी. नेणंही जवळच्या गॅरेजपर्यंतच. मागच्या गाडीची चावी चालू ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. तिचा ब्रेक बूस्टरशिवाय असल्यानं पाय जोरात लागतो, म्हणून उतारावर दोर नको, लोखंडी टो-बार हवा. भरलेली पिकअप घाटातून दोरानं ओढू नका. क्रेन बोलवा.

ओढणारी गाडी पहिल्यात, क्लच पूर्ण सोडून, दोर ताणला गेल्यावरच अॅक्सिलरेटर. झटका दिला की नुसता दोर किंवा हुकच नाही, क्लच प्लेटचे स्प्रिंगही तुटू शकतात.

जुनी डिझेल पिकअप घेताना ती ट्रेलर ओढून थकलेली आहे का, कसं ओळखायचं?

सकाळी, इंजिन गार असताना जा. बोनेटला हात लावून बघा. आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. चालू झाल्यावर ऑइलचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवा. ते उडत असेल किंवा धुराचा झोत येत असेल तर रिंगा गेल्यात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. भारावर काळा धूर आला तर इंजेक्टर किंवा टर्बोचा पाइप बघा, आणि बीएस-६ गाडी काळा धूर सोडत असेल तर डीपीएफ जागेवर आहे का ते खाली वाकून बघा.

क्लचसाठी: मोकळ्या रस्त्यावर चौथ्यात ताशी ४० ला पूर्ण अॅक्सिलरेटर द्या. आरपीएम झपकन वर गेले आणि वेग मागे राहिला तर प्लेट संपली. हाउसिंगचा ड्रेन नट काढायला लावा. चुंबकावर बारीक काळी पेस्ट असेल तर ठीक, चमकते कण किंवा तुकडे असतील तर क्राउन-पिनियनचा खर्च किमतीतून कापा.

मग गाडीखाली टॉर्च घेऊन मागचे शेवटचे तीन फूट बघा. हुक काढून टाकलेला असला तरी भोकं राहतात. भोकांभोवती रंगाला केसाएवढी रेघ, त्यातून गंजाचा लाल ओघळ, किंवा चासीवर नव्यानं मारलेला काळा रंग दिसला तर ती गाडी सोडा. इंजिन कितीही गोड चालत असलं तरी चासीची चीर दुरुस्त होत नाही, फक्त झाकली जाते. शेवटी आरसीवर बँकेचा बोजा उतरलाय का आणि फिटनेसची तारीख कोणती ते बघा. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला फिटनेस दर दोन वर्षांनी लागतो, त्यापुढे दरवर्षी.